वरच्या चार ओळी

३ फेब्रुवारी, सोमवार

आली! यादी आली! दोन वर्षं, सहा पत्रं — आणि आज सकाळच्या टपालात, विजेच्या बिलासारखी, साध्या पाकिटात. मी आधी ते पाकीट बिलांच्या ढिगातच टाकलं होतं.

अठ्ठावीस आजार आहेत यादीत. त्यातला एखादा असेल तर रोग्याला आता आमच्या वैद्यकीय मंडळापुढे आणायचं नाही. अर्ज आणि इस्पितळाचे कागद, बस. पाच दिवसांत निर्णय. पहिला गट. पहिला गट म्हणजे दरमहा पैसे, घरी येणारी परिचारिका, आणि मुख्य म्हणजे दुखणं थांबवणारं कडक औषध घरपोच. आजवर याला तीन-चार महिने लागत. तोवर निम्मे लोक संपत. 'अर्जदार मयत, प्रकरण बंद' असा शिक्काच आहे आमच्याकडे. दर वेळी हाताने लिहून कंटाळा आला म्हणून मुद्दाम करून घेतलेला.

दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलांनी लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून जिन्याने वर आणलं होतं. चालता न येणाऱ्यांना तपासणारं मंडळ दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही! वळणावर नमदा अडकला. खाली मुलं, वर मुलं, मध्ये बाप. बाप म्हणतो, "घाई करू नका रे, मला कुठे जायचंय." वर पोचले तेव्हा प्रमुख डॉक्टर जेवायला गेलेले. त्या संध्याकाळी मी पहिलं पत्र लिहिलं.

प्रमुख डॉक्टर म्हणजे कादिरकुल ओस्मोनोविच. आज म्हणाले, "बुरुल एजे, तुमच्या हट्टापुढे अख्खं मंत्रालय वाकलं!" माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला एजे म्हणतात — मोठी बहीण. त्यांच्या मते मी जन्मतःच थोरली आहे.

खूश आहे. लिहून ठेवते, कारण या वहीत हा शब्द क्वचित येतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

अर्जाचा नमुना आला. खुशी संपली.

पहिल्या चार ओळी आजाराच्या. नाव, टप्पा, क्रमांक. चौथी छापील — 'सुधारणेची शक्यता नाही'. त्याखाली नाव-पत्ता. आणि सगळ्यात खाली — 'वरील मजकूर मी वाचला आहे. अर्जदाराची स्वतःची सही.'

अर्जदाराची स्वतःची!

आमच्याकडे कोण सांगतं रोग्याला? डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतो, दार लोटून घेतो, हळू आवाजात बोलतो. मग सगळे तोंड धुऊन, हसत आत जातात. रोग्याला सांगतात, थंडी भरलीये, उन्हाळ्यात कुरणावर गेलास की बरा होशील. आईला आम्ही शेवटपर्यंत 'थंडी भरलीये' म्हटलं. आम्ही म्हणजे मीच.

कोणी केला हा नमुना? ज्याच्या घरात कधी कोणी आजारीच पडलं नाही अशा कोणा गाढवाने?

(थोड्या वेळाने.) माझ्या पत्रांच्या प्रती काढून बघितल्या. तिसरं पत्र, परिच्छेद दुसरा : 'नातेवाइकांकडून होणारे गैरप्रकार टाळण्यासाठी अर्जदाराची स्वतःची सही सक्तीची असावी.' त्या वेळी एका भाच्याने मेलेल्या आत्याला पैशांसाठी सात महिने कागदावर जिवंत ठेवलं होतं, त्याचा राग होता. गाढव मीच.

१० फेब्रुवारी, सोमवार

अकरा कुटुंबांनी अर्ज नेले. भरून आले शून्य.

खिडकीवर आज ऐकलेलं —

"सही आम्हीच करतो ना, एजे. तो लिहायचं विसरलाय."

"आईला आम्ही मणका सरकलाय म्हणून सांगितलंय. इथे तर भलतंच लिहिलंय!"

"अंगठा चालेल? तिला वाचता येत नाही असं लिहा." — त्या बाईने तीस वर्षं शाळेत शिकवलं. मलाही.

"हा कागद घरात नेला तरी त्याला वास येईल."

चौघांनी जुना, लांबचा अर्ज मागून नेला. त्यात रोग्याने सही करायच्या पानावर आजाराचं नाव नसतं. तीन-चार महिने लागले तरी चालतील म्हणे. कोणाला चालतील? दुखतंय कोणाला?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बातमा आली. सातीबाल्दीची बायको.

सातीबाल्दी म्हणजे दोलोन घाटातला बर्फ काढणाऱ्या गाडीचा चालक. बावीस हिवाळे. माझ्या लेकीच्या, जिबेकच्या वेळी मला अडल्या स्थितीत बिश्केकला न्यायचं होतं आणि घाट बंद होता. रुग्णवाहिकेच्या पुढे सातीबाल्दीची गाडी बर्फ उडवत चाललेली, हे मला दुखण्यामध्येही आठवतं. पिवळा दिवा गरगर फिरत होता. जिबेक आता एकोणीस वर्षांची आहे.

त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग. यादीत सातवा. कागद सगळे चोख. उद्या अर्ज दिला तर पुढच्या आठवड्यात दाखला.

"त्याला काय सांगितलंयस?" मी विचारलं.

"पित्ताचे खडे."

"आणि त्याला पटलं?"

"म्हणतो, बावीस वर्षं रस्त्यावरचे दगड उचलले, राहिलेले पोटात गेले."

मी हसले. तीही हसली. मग तिने नमद्याच्या कामाने राकट झालेल्या बोटांनी डोळे पुसले. "दवाखाना म्हणतो, पहिल्या गटाचा दाखला आणा, मग कडक औषध. तोवर साध्या गोळ्या. परवा त्याने उशी चावून फाडली, एजे. पिसं घरभर. पोरांना सांगितलं, मांजराने फाडली."

"मग सांग ना त्याला! सांग आणि सही घे. पाच दिवसांत औषध दारात येईल."

"तू सांगितलं होतंस तुझ्या आईला?"

छोट्या गावात नोकरी करू नये.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

राजधानीत फोन. चाळीस मिनिटं कोणी उचलला नाही. मग एक बाई.

"रोग्याऐवजी जवळच्या नातेवाइकाची सही चालेल का?"

"नाही. नियम आहे."

"हा नियम इथे चालत नाही. अर्ज येतच नाहीत."

"अर्ज येत नाहीत म्हणजे गंभीर रुग्ण कमी आहेत. चांगलंच आहे की!"

"बाई, आमच्याकडे रोग्याला सांगत नाहीत. तुमच्याकडे सांगतात?"

कागद चाळल्याचा आवाज. "ही अट तुमच्याच कार्यालयाच्या पत्रावरून घातलेली दिसते. सही… बुरुल… तुम्हीच का?"

फोन ठेवला. मी ठेवला की तिने, आठवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या पोटाचा निकाल आला. जानेवारीत नळी घालून तुकडा काढला होता, त्याचा. माझा नवरा उलार स्वतः बिश्केकला जाऊन घेऊन आला. मी म्हटलं, मी येते, तर म्हणाला, रस्ता खराब आहे, शाळेला मला सुट्टीच आहे. कसली सुट्टी? व्यायामाच्या मास्तरला फेब्रुवारीत कसली सुट्टी? असो.

जठरात व्रण. ओस्मोनोविचनीही कागद बघितला. "मांस बंद. ताण बंद. राजधानीला फोन तर अगदीच बंद."

ताण बंद म्हणे! घागरा कमरेला टाचून घालावा लागतो. चहा-पावावर माणूस किती जाड राहणार?

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला यादीतले सगळे आजार झाले होते. हाताला मुंग्या आल्या की मज्जातंतू, खोकला आला की फुफ्फुस. ओस्मोनोविच म्हणायचे, नोंदणीची बाई रोज एक आजार नोंदवते आणि एक घरी नेते. सतरा वर्षांत ती खोड मोडली. आता व्रण म्हटलं की व्रण.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बातमा पुन्हा. अर्ज भरून आणलेला, फक्त सही नाही. म्हणाली, "बघ, मी काय करते."

तिने कागद खिडकीच्या फळीवर ठेवला. वरच्या चार ओळी मागे दुमडल्या. नखाने घडी दाबली — नमदा कापायच्या आधी दाबतात तशी, एकदाच, सरळ. कॉलरला खोचलेली टाचणी काढून लावली. आता कागद नाव-पत्त्यापासून सुरू होत होता. नीटनेटका, निरुपद्रवी कागद.

"असा त्याच्यापुढे ठेवते. सही करेल."

"खाली लिहिलंय, वरील मजकूर वाचला आहे."

"वर काही नाहीच तर वाचणार काय?"

"ही फसवणूक आहे, बातमा."

"कायद्यात कुठे लिहिलंय की कागद सपाटच पाहिजे?"

रांगेतले लोक हसले. मला राग आला. मी म्हटलं, असा अर्ज मी घेणार नाही. माणसाची स्वतःची सही म्हणजे तिला काही अर्थ हवा की नको? मीच तो नियम मागितला होता. मीच तो मोडायचा?

बातमाचा चेहरा बदलला. "नियमाने बोलायला सोपं आहे, खिडकीच्या त्या बाजूने. तुझ्या घरी असं दुखणं आलं की बघू." आणि लगेच तोंडावर हात. "माती पडो माझ्या तोंडात! एजे, मी बोलले नाही. तू ऐकलं नाहीस."

मी म्हटलं, ऐकलं नाही. ती अर्ज तिथेच ठेवून गेली. टाचणीसकट.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तो अर्ज माझ्या खणात आहे. दिवसातून चार वेळा खण उघडला.

ऐकणं हा त्याचा हक्क. पण न ऐकणं हाही त्याचा हक्क नाही का? आणि हा प्रश्न त्याला विचारायचा कसा? विचारला की सांगितल्यासारखंच!

तो उशी चावतोय आणि मी तत्त्व चावतेय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून सातीबाल्दीच्या गावी गेले. कचेरीची गाडी मागितली नाही, कारण हे कचेरीचं काम आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. उलारने नेलं. वाटेत वाक्य तयार केलं होतं. सौम्य, खरं, कुठेही अडखळायला नको असं. मी त्याला सांगणार होते. बायकोला जमत नाही, डॉक्टरला जमत नाही, तर नोंदणीच्या बाईने सांगावं. नियम तिचा आहे.

सातीबाल्दी चुलीजवळच्या गादीवर. इतका लहान झालेला! मला बघून म्हणाला, "अरेच्चा, मंडळ स्वतः घरी आलं! बातमा, चहा टाक. मी मरतोय वाटतं."

सगळे हसले. सगळ्यात आधी मी.

"आक्साकाल, खड्यांचं काय म्हणताय?" मी विचारलं. पन्नाशीच्या माणसाला आक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, म्हटलं की तो खुलतो.

"खडे मजेत आहेत. मीच जरा बेजार आहे." मग उलारकडे वळून, "मास्तर, घाटात तिसऱ्या वळणावर माती सुटलीये. परतताना डावीकडून घ्या. माझ्या जागी जो पोरगा आलाय ना, तो नुसता रस्त्याच्या मध्यातून घासत जातो. मध्यातून काय, मेंढीही काढेल बर्फ."

तळलेले बोरसोक आले, साय आली. मी एक बोरसोक तोडून नुसता हातात धरला. वाक्य घशापर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्याला कळ आली. बोलता बोलता थांबला, भिंतीकडे तोंड केलं, आणि दोन्ही हातांनी गादीची कड धरली. बातमाने रेडिओचा आवाज वाढवला. हे रोजचं असणार, कारण तिने रेडिओ न बघता वाढवला.

कळ गेल्यावर तो वळला. कपाळावर घाम. "हां, तर मेंढी," म्हणाला.

मी पिशवीतून अर्ज काढला. टाचणी वाटेत निघाली होती, कागद सपाट झाला होता. मीच दुमडला. घडी बातमासारखी सरळ येईना. तिने कॉलरची टाचणी काढून दिली.

"हे काय?"

"दवाखान्याचं औषध घरी यायला. इथे सही."

"आणि वर काय आहे दुमडलेलं?"

"कचेरीचं आहे."

माझ्याकडे जरा वेळ बघितलं त्याने. "कचेरीचं तेवढं कचेरीने बघावं," म्हणाला आणि सही केली. मोठी, ठसठशीत, गाडीच्या वहीत करतात तशी.

परतताना तिसऱ्या वळणावर उलारने गाडी डावीकडून घेतली. मग म्हणाला, "बरं केलंस."

"काय बरं? खोटं बोलले मी त्याच्याशी. तोंडावर!"

"बरं केलंस, बुरुल."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. रस्ता निसरडा होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सातीबाल्दी : पहिला गट. तिसऱ्या दिवशी! सतरा वर्षांत असं झालं नाही.

३ मार्च, सोमवार

परिचारिका त्याच्या घरी जाऊन आली. म्हणाली, पहिल्या गोळीनंतर तो अकरा तास झोपला. बातमाने तीनदा नाकापाशी आरसा धरला. गोळ्या तिने खोक्यातून काढून जुन्या जीवनसत्त्वांच्या बाटलीत भरल्यात, त्याने नाव वाचू नये म्हणून. त्याला सांगितलं, खडे विरघळवायचं नवं औषध, तुर्कस्तानचं.

मी चुकले का? चुकले. पुन्हा करीन का? — पुढे लिहिता येत नाही.

६ मार्च, गुरुवार

बोंब झाली. गावोगावी कळलं की बुरुल एजे दुमडलेला अर्ज घेते. आज एका दिवसात नऊ! नऊही दुमडलेले. एकाने तर चिकटवूनच आणला. मी म्हटलं, अरे बाबा, मला तरी वाचू दे! वाफेवर धरून उघडावा लागला. एकीने टाचणीऐवजी सेफ्टी पिन लावलेली, तिला निळा मणी — दृष्ट लागू नये म्हणून!

ओस्मोनोविच खूश. "यादी चालायला लागली." त्यांनी टाचण्यांचे दोन डबे मागवले. मंत्रालयाकडे कागद मागितला तर तीन महिने लागतात, टाचण्या मात्र दुसऱ्या दिवशी हजर.

बाजारात भाजीवालीने विचारलं, "टाचणीवाल्या एजे तुम्हीच ना?" सतरा वर्षांच्या चोख नोकरीची ही पदवी.

एक नियम मनाशी केलाय. दुमडलेला अर्ज आणणाऱ्याला मी विचारते, तुम्ही नक्की सांगणार नाही? सगळे म्हणतात, नाही. मग मी घेते. हा नियम आहे की नुसती हात धुण्याची पद्धत, ठाऊक नाही.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. काल कचेरीत पुरुषांनी सगळ्या बायकांना फुलं आणि एकेक मग दिला. मला मग नाही. मला ओस्मोनोविचनी लोकरीची शाल दिली. ओरेनबुर्गची, खरी! इतर बायका बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाबद्दल म्हणून विचारलं, तर म्हणाले, "यादीबद्दल." लाच वाटेल अशी भेट देऊ नये माणसाने. सोमवारी परत देणार होते, पण उलार चिडला. "दिलीये तर घाल की गप!" इतका का चिडला?

११ मार्च, मंगळवार

आग-प्रतिबंधक खात्याचे लोक येणार म्हणून गोंधळ. ओस्मोनोविच सह्यांसाठी गठ्ठा घेऊन आले. सुरक्षेच्या सूचना वाचल्याची सही, बादल्या मिळाल्याची सही, वाळू मिळाल्याची सही. वाळू कुठे आहे? "येईल हो, तुम्ही सही करा." गठ्ठ्यावर तळवा ठेवून नुसती खालची कड उलटत होते, इथे, इथे, इथे. खिडकीवर वीस माणसं ओरडत होती. चौदा सह्या केल्या. एकही कागद वाचला नाही. मी!

आणि शेवटी आग-प्रतिबंधकवाले आलेच नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

सातीबाल्दी गेला. बुधवारी, दुपारी, झोपेत. पहिल्या गटाचे तेरा दिवस.

आज गेले होते. अंगणात तंबू उभारलेला. पुरुष लांबूनच हंबरडा फोडत येत होते. आत बातमा भिंतीकडे तोंड करून बसलेली, विलाप गात होती. आवाज चांगला आहे तिचा. घाट गायला, पिवळा दिवा गायला, बावीस हिवाळे गायले. आणि मग — 'रस्त्याचे दगड उचललेस, पोटात खडे साठवलेस.' खडे! विलापातही खडेच! तो मेल्यावरही ती त्याला कळू देत नाहीये.

मध्येच थांबून तिने माझं मनगट धरलं. हळूच म्हणाली, "एजे, एकदाही विचारलं नाही गं त्याने. इतकं दुखत होतं. वजन निम्मं झालं. आणि एकदाही विचारलं नाही, बातमा, मला झालंय काय? असं असतं का? माणूस विचारत नाही का?"

ती पुन्हा भिंतीकडे वळून गायला लागली.

आईनेही विचारलं नव्हतं. मला इतकी वर्षं वाटायचं, आम्ही किती छान लपवलं.

१५ मार्च, शनिवार

तंबूतून आल्यापासून डोक्यातून जात नाही. त्या दिवशी माझ्याकडे जरा वेळ बघितलं होतं त्याने. सही करायच्या आधी.

आपण त्यांच्यापासून लपवतो, की ते आपल्यापासून?

१७ मार्च, सोमवार

जिबेक आली, न कळवता. परीक्षा तोंडावर आणि ही नूरुझ सणाच्या सुमोलोकसाठी, गव्हाच्या खिरीसाठी आली म्हणे! कधीपासून हिला कढई ढवळायची हौस? मागच्या वर्षी म्हणाली होती, अख्खा दिवस गहू ढवळत बसणारे लोक मला कळत नाहीत. आता माझ्या मागे मागे फिरते. काल माझे केस विंचरले. मी रागावले, जा, पुस्तक घे हातात. तर हसली आणि न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ चालू.

पोट मात्र बरं आहे. उलारने शुक्रवारी व्रणाच्या नव्या गोळ्या आणल्या, सुट्याच, डबीत घालून. झोप लागते. एवढ्या दिवसांत काहीतरी लागू पडलं.

ओस्मोनोविचनी नूरुझपर्यंत सक्तीची रजा दिली. "घरी बसा. सुमोलोक ढवळा." ही काय शिक्षा? वेळच काढायचा तर सातवं पत्र लिहीन. रोग्याच्या सहीची अट मीच मागितली होती, आता मीच मागे घेते. आणि हेही लिहीन की आम्ही काय करत होतो. दुमडून. माझी सुरुवात. शिक्षा द्यायची तर मला द्यावी. किती अर्ज, तो आकडाही द्यायला हवा.

१९ मार्च, बुधवार

पत्र चार वेळा फाडलं. 'फसवणूक' शब्द लिहिला, खोडला. 'दया' लिहिला, खोडला. आता 'पद्धत' लिहिलाय. नको तितका स्वच्छ शब्द.

एवढं मात्र ठरवलंय. आकडा अंदाजाने द्यायचा नाही. उद्या कचेरीत जाऊन प्रत्येक अर्ज उघडून नोंदवहीशी ताडून बघणार. रजा असली तरी.

२० मार्च, गुरुवार

दुपारी कचेरीत कोणी नव्हतं. कपाटात दुमडलेले अर्ज एकतीस. नोंदवहीत तीस.

जास्तीचा अर्ज ओस्मोनोविचच्या अक्षरात. तारीख ११ मार्च. नाव माझं. सही माझी, खरी. टाचणी काढली. जठर. टप्पा चौथा. चौथी ओळ सगळ्यांची छापीलच असते. मागे निर्णय : पहिला गट, १४ मार्च.

पुन्हा दुमडला. टाचणी त्याच भोकांतून घातली.

घरी उलार आणि जिबेक अंगणात सुमोलोकची कढई घासत होते. दोघंही एकदम उठले. "कुठे गेली होतीस?"

म्हटलं, "टाचण्या मोजायला."